कोब्यात रुतलेली गिरणी

माझ्या धाकट्या भावाला जमिनीची फार माया. इतकी, की दुसऱ्याची जमीन शेजारी एकटी पडलेली त्याला बघवतच नाही. बेलापूरला आमचं शेत आणि शेजाऱ्याचं शेत यांच्यामध्ये एक बांध आहे. आहे म्हणजे अजून कागदावर आहे. लहानपणी आम्ही दोघी बहिणी हातात हात घालून त्यावरून चालायचो. आता तिथून शेळी निघाली तर बिचारीला चारही पाय एका रेषेत टाकावे लागतात.

हे काम कसं होतं ते सांगते, कारण आमच्याकडे त्याची रीत आहे आणि सगळे ती इमानाने पाळतात. नांगरटीच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याला दोनदा चहा पाजायचा. बांधाकडेला आला की आपण लांबून हात हलवत म्हणायचं, "जरा दाबून घे रं." तो दाबून घेतो. एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, पलीकडची आपल्याकडे येते. भांडण नाही, तंटा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा एक. शेजारी बोललाच तर आकाशाकडे बघून म्हणायचं, "पावसानं बांध सरकला जनू." आणि शेजारी तरी कसला संत! तोही त्याच्या बाजूने दाबून घेतोच. दोघं मिळून त्या बांधाला दोन्हीकडून कोरतात, पारावर शेजारी शेजारी बसून तंबाखू खातात आणि जमाना किती वाईट आलाय यावर दोघांचं एकमत होतं.

शाळेत असताना इतिहासात होतं की इंग्रजांनी वारस नाही असं सांगून संस्थानं खालसा केली. आमच्या बाई ते शिकवताना फार चिडायच्या. मला मात्र मोठेपणी वाटायला लागलं की इंग्रजांना उगाच खटाटोप करावा लागला. आमच्या गावात एखादा मार्गदर्शक धरला असता तर त्याने सांगितलं असतं, साहेब, वारस नाही कशाला म्हणता? चांगले भरपूर वारस असू द्या. त्यांच्याकडूनच सही घ्या.

वडील गेल्यावर आमच्याकडून अशीच सही घेतली. माझी थोरली बहीण केडगावला दिलेली, मी कोल्हारला. भाऊ स्वतः गाडी घेऊन दोघींना आणायला आला, तेव्हाच मला समजायला हवं होतं, कारण एरवी तो एसटीचं वेळापत्रक सांगायचा. तालुक्याच्या कचेरीत हक्कसोड पत्र करायचं होतं. म्हणजे वडिलांच्या जमिनीत आणि घरात आम्हा बहिणींचा जो काही हिस्सा येतो तो आम्ही आनंदाने सोडला, असं लिहून द्यायचं. आमच्याकडे चांगल्या घरच्या बहिणी हे करतातच. जी करत नाही तिचं नाव निघालं की बायका आवाज खाली आणतात. आमचे फोटो काढले, बोटं ठसे घ्यायच्या काचेवर दाबून घेतली आणि साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं ना?" आम्ही दोघी एका सुरात "हो" म्हणालो, शाळेत हजेरीला म्हणायचो तसं. बाहेर आल्यावर भावाने दोघींना एकेक साडी आणि भेळ दिली. भेळ चांगली होती. थोरली म्हणाली, "जाऊ दे गं, माहेराचं दार उघडं राहिलं म्हणजे झालं." मलाही तेच वाटलं. तेवढ्यासाठीच तर सगळ्या करतात.

एक जण मात्र राहिली. आई. वडिलांच्या मागे तिचंही नाव सातबाऱ्याला लागलं होतं, घरालाही लागलं होतं. भावाने गृहीत धरलं होतं की आई घरातच असते, कुठे जाते! अंगठा काय, कधीही घेता येईल. पण अंगठा मागितला की आईला काहीतरी व्हायचं. कधी अमावस्या, कधी अंगठ्याला चीर पडलेली, कधी "चष्मा सापडंना" आणि अंगठ्याला चष्मा कशाला लागतो हे विचारायची भावाची छाती नव्हती. ती हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. भाऊ वैतागायचा आणि पुन्हा काही महिने गप बसायचा.

आता माझं. कोल्हारला माझ्या नवऱ्याची पिठाची गिरणी होती. जागा दिराच्या नावावर, मशीन आमचं. नवरा अचानक गेला. पुढं दिराला ती जागा दुसऱ्या कामाला हवी झाली आणि मी मशीन टेम्पोत घालून माहेरी आले. मूल नाही, नोकरी नाही, होती ती गिरणी. भाऊ रडला. खरंच रडला, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "आक्का, रस्त्याकडची खोली तुझीच समज." त्या खोलीत म्हशीचा कडबा भरलेला होता, तो त्याने स्वतः काढला. आणि "तुझीच समज" यातलं "समज" मी तेव्हा नीट ऐकलं नाही. दुःखात होते.

गिरणी हादरते, म्हणून तिला खाली पाया लागतो. मी म्हटलं होतं, लाकडी ओंडके टाकू आणि त्यावर बसवू, उद्या हलवायची वेळ आली तर बरं. भाऊ ऐकेना. "ओंडक्यावर बसवायला ती काय जत्रेतली गिरणी हाय का? पक्कं काम कर." त्याने खड्डा खणला, खडी आणली, बोल्ट उभे करून काँक्रीट ओतलं, वरून कोबा घोटला. घमेलं त्याने स्वतः उचललं. गिरणी बोल्टवर बसवून नट आवळले, नारळ फोडला आणि पाठीवर हात ठेवून मला म्हणाला, "आता हिला कुनाचा बाप हलवत न्हाई." मी डोळे पुसले. आपला भाऊ किती जीव लावतो, असं मनात म्हटलं. काय बाई मी तरी!

गिरणी छान चालली. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उपासाची भाजणी. मुसलमान गल्लीतल्या बायका रमजानच्या आधी दळणं घेऊन यायच्या, तेव्हा डब्यांची रांग ओट्याच्या खाली उतरायची. दळणाचे दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने त्यांना टाकी मी स्वतः लावायची. आई दिवसभर पोत्यावर बसून असायची, केसांवर पीठ, भुवयांवर पीठ, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्या घरचं विचारायची. बायका दळणासाठी यायच्या का आईशी बोलायला, मला शंका आहे. माझं पोट त्यावर चाललं. कुणापुढे हात पसरला नाही, भावापुढेही नाही.

पुढे भावजयीच्या भावाचा धंदा बसला. तो आला, राहिला, जेवला आणि गिरणीकडे बघत राहिला. काही दिवसांनी भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. आवाज एकदम मऊ. बांध कोरायच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याशी बोलतो तसा.

"आक्का, तू आता दमलीस."

"मी कशाला दमतेय?"

"दमलीस गं. पिठानं खोकला हुतो तुला. आता माझा मेव्हना बसंल गिरणीवर. तू आराम कर. दोन येळचं जेवान कुटं जात न्हाई तुझं."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "त्याला गिरणी टाकायचीय तर टाकू दे. मशीन नवं घ्यायला सांग."

"नवं कशाला? ही हाय की."

"ही माझी आहे."

"तसं न्हाई," भाऊ म्हणाला, आणि हे तो कुठून शिकून आला होता देव जाणे, "खोली माझी. कोबा खोलीचा. बोल्ट कोब्यातले. गिरणी बोल्टवर. म्हंजी गिरणी खोलीची झाली. जे जमिनीत रुतलं ते जमिनीचं. कायदा हाय तसा."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. काय ती चढण! खोलीवरून कोब्यावर, कोब्यावरून बोल्टवर, आणि बोल्टवरून थेट माझ्या पोटावर. बांधावर अनेक वर्षं हात बसलेला माणूस आहे, एकेक तास घेतच वर येतो. मी म्हटलं, "अरे, मग माझी खाट त्या खोलीत आहे, तीही तुझीच का?"

"खाट रुतलेली न्हाई," तो अगदी न्यायाने बोलला. "खाट तुझी."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भाऊही पेटला. शेवटी उठता उठता म्हणाला, "गिरणी उचललीस ना आक्का, तर ह्या उंबऱ्याला तुझा पाय लागू द्यायचा न्हाई मी. सांगून ठिवतो." एवढं झालं आणि प्रश्न अगदी सोपा होऊन बसला. गिरणी ठेवली तर माझं पोट जातं, नेली तर माहेर जातं. आई पोत्यावर बसून गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही. मला भावापेक्षा तिचाच राग आला.

मी श्रीरामपूरला एका वकीलबाईंकडे गेले. तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. सगळं ऐकून हसल्या. म्हणाल्या, "तुमचा भाऊ अर्धा कायदा बोलला. जमिनीला पक्की जोडलेली वस्तू जमिनीबरोबर जाते हे खरं, पण नुसतं बोल्ट बघून ठरत नाही. ती वस्तू कशासाठी जोडली ते बघतात. खोली चांगली व्हावी म्हणून, का वस्तू नीट चालावी म्हणून? भिंतीतली खिडकी ही खोलीसाठी असते. गिरणीला बोल्ट मारले ते गिरणी हलू नये म्हणून. आणि काढताना खोली फुटत नाही. काढा, आणि खोली होती तशी करून द्या. एवढं पुरे."

मी म्हटलं, "बाई, खोली होती तशी म्हणजे कडब्याने भरलेली होती. कडबापण भरून देऊ का?"

त्या म्हणाल्या, "तेवढं नका देऊ." मग जरा थांबून म्हणाल्या, "कायद्याचं मी सांगितलं. उंबऱ्याचं मला सांगता येणार नाही."

घरी आले तर बैठक ठेवलेली. आमचे चुलते, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, ते ओट्यावर पाय दुमडून बसले होते. तात्या न्याय करतात. म्हणजे ज्याच्याकडे बसतात त्याच्या चहाची चव बघून बोलतात. भावजयीने चहात दूध सढळ घातलेलं दिसत होतं. मी वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं. तात्यांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "कायदा राहू दे पोरी. लेकीच्या जातीनं माहेरातनं वस्तू उचलून न्यायची, बरं दिसत न्हाई."

"तात्या, ती मी सासरहून आणलेली वस्तू आहे."

"आनली ना? मग ती माहेरची झाली."

वा! म्हणजे माहेरहून सासरी नेलेलं सासरचं, सासरहून माहेरी आणलेलं माहेरचं. आम्ही बायका म्हणजे नुसते टेम्पो. माल इकडून तिकडे पोचवायचा आणि रिकामं परत फिरायचं. मी हे तोंडावर बोलले. तात्यांनी दुसरा चहा मागवला.

तेव्हा भावाने आतून एक पिशवी आणली. पिशवीत साडी होती. हिरवी, काठाची, घडीवर अजून दुकानाचा कागद. साडीवर एक लिहिलेला कागद होता, की गिरणीवरचा माझा हक्क मी राजीखुशीने सोडते. त्याने ते इतक्या प्रेमाने पुढे केलं की मला हसू यावं का रडू ते कळेना. त्याला खरंच वाटत होतं की तो मला काहीतरी देतोय. मी म्हटलं, "अरे, मागच्या साडीत जमीन गेली, घर गेलं. या साडीत गिरणी. आता तिसरी साडी कशाची आणशील? माझ्या अंगावर घालायचीच ना शेवटची?"

भाऊ पांढरा पडला. "आक्का, असं वंगाळ बोलू नगं," तो म्हणाला. भावजय आत गेली. आईने चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला. मी तिला म्हटलं, "आई, तू तरी काही बोल." ती म्हणाली, "चा गार हुतोय तात्यांचा." मी तिथून उठले. असं वाटलं की हिच्यापेक्षा तो कोबा बरा, निदान आपटलं तर आवाज तरी येतो.

स्टँडजवळ एक गाळा मिळाला. मिस्त्री सांगितला, टेम्पो सांगितला. सकाळी मिस्त्रीने पान्याने नट सोडले. गिरणी उचलायला फार वेळ लागला नाही. भाऊ दारात हात बांधून उभा होता, त्याच्या डोळ्यांत मी त्याचं आख्खं काळीज उचलून नेत असल्यासारखं दुःख. गिरणी टेम्पोत चढली. मागे राहिले ते बोल्ट. मिस्त्री म्हणाला, असू द्या, कापायचे कशाला. मी म्हटलं, काप. खोली होती तशी करून द्यायची आहे. त्याने बोल्ट कापले, मी स्वतः सिमेंट कालवून भोकं बुजवली, कोबा पुसून घेतला. भाऊ आला आणि त्याने वाकून तिथे हात फिरवून बघितला. कुठे खडबडीत राहिलंय का ते बघत होता. मला इतकी चीड आली की त्याच्या पाठीत लाथ घालावी. आणि त्याच वेळी, त्याच हातांनी त्याने इथे काँक्रीट ओतलं होतं हेही दिसत होतं.

मी खाट आणि भांडी टेम्पोत चढवली. आईच्या पाया पडायला वळले तर आई पोत्यावर नाही. बघते तर बाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी! मांडीवर बोचकं, डोक्यावर पदर, तोंड समोर. ड्रायव्हर गोंधळून माझ्याकडे बघतोय.

"आई, उतर. तू कुठे?"

"गिरणी बघाया."

"ती तुला बघायची राहिलीय का? रोज तर तिथेच बसतेस."

"नवी जागा बघाया," ती म्हणाली. "चल की, ऊन हुतंय."

मी तिला खिडकीकडे सरकवून तिच्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये बसले. टेम्पो निघाला. आरशात बघितलं तर भाऊ एकदम भानावर आल्यासारखा पळत सुटला. चांगलं पोट सुटलेला माणूस, पायात काही नाही, गल्लीतून "थांब, थांब" ओरडत. मला काय झालं सांगू? मला आनंद झाला. पळ म्हटलं. गिरणीसाठी नाही पळालास, माझ्यासाठी नाही पळालास. आता ज्या अंगठ्यासाठी इतकी वर्षं गोड बोललास तो टेम्पोत बसून चाललाय म्हटल्यावर बरे पाय फुटले तुला. मी ड्रायव्हरला म्हटलं, "थांबू नको."

"थांबव रं," आई म्हणाली. "त्याला साखर हाय. पळवू नगं त्याला."

टेम्पो थांबला. भाऊ धापा टाकत खिडकीशी आला. मग त्याने बंडीच्या खिशातून आईच्या गोळ्यांची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. "पांढरी सकाळची, जेवायच्या आधी. गुलाबी रातची. इसरती ती. पुढ्यात उभं राहून द्यावी लागती." मी पिशवी घेतली. पांढरी कुठली, गुलाबी कुठली, ते उघडून बघून घेतलं.

तो मागे गेला, गिरणी बांधलेली दोरी ओढून बघितली, "ढिली हाय" म्हणाला आणि पुन्हा आवळून बांधली. परत खिडकीशी आला. आता त्याचा नेहमीचा आवाज परत आला होता.

"गिरणी नेलीस, ने. आई माझीय. दिवाळीला हितं आणून सोडायची."

"तुझी कशी? आई कुणाच्या नावावर नसते. ती माझ्याकडे राहील."

"तुझ्या गाळ्यात? पत्र्याखाली? ऱ्हाती व्हय तिथं! ती ह्या घरची हाय."

"मी तिला नीट खोली घेईन."

"आगं, माझ्या घरात जन्म काढलाय तिनं..."

"तुझं घर कसलं, तिचं घर ते!"

आम्ही दोघं खिडकीच्या दोन बाजूंनी तिच्या अंगावरून भांडत होतो. तो आतवर हात घालून बोलत होता, मी तिच्या मांडीवरच्या बोचक्यावर हात आपटत होते. मध्ये आई, दोन्हीकडून खांदे आत ओढून, जितकी बारीक होता येईल तितकी बारीक होऊन बसलेली.

"दमा जरा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "तुमचा बाप गेला तवापासनं बघतीय. जिमीन कुनाची, घर कुनाचं, गिरणी कुनाची. आता मी कुनाची. मला इचारलं का रं कुनी कवा?"

भावाने हात बाहेर काढला. मी बोचक्यावरचा माझा हात उचलला. आईने बोचकं नीट मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, चल बाबा.